ऐंशीचं कापड आणि सोडियमचा दिवा

आमच्या कॉलेजात फिजिक्स घेतलेले आम्ही पाच जण होतो, आणि त्यातले चार चुकून आलो होतो. मला इंजिनिअरिंगला सीट मिळाली नव्हती. तेजस्वीला नर्सिंगला जायचं होतं, तर तिच्या मामानं मोडता घातला. तिसऱ्याला बी.कॉम.ची रांग लांब वाटली. चौथ्याला आपण कशाला आलो हे शेवटच्या सेमिस्टरपर्यंत आठवलं नाही. पाचवी सुवर्णा. ती फिजिक्ससाठी म्हणून आली होती, आपल्या पायांनी, स्वतः अर्ज भरून. ॲडमिशनच्या खिडकीतल्या क्लार्कनं तिला दोनदा विचारलं, "कॉम्प्युटर सायन्स म्हणायचंय काय तुला?"

कॉलेज पिरनवाडीच्या पुढं, खानापूर रोडला. खाली आर्ट्स-कॉमर्स, वर केमिस्ट्री, आणि जिन्याखाली जी तिरकी खोली उरली तीत फिजिक्सची लॅब. तिथं दिवसाढवळ्या अंधार असायचा. "प्रकाशाच्या प्रयोगांना लागणारा अंधार आमच्याकडं नैसर्गिक आहे," असं प्राचार्य तपासणीला आलेल्या कमिटीला सांगायचे, आणि कमिटी ते लिहून घ्यायची.

सुवर्णा वडगावची. वडील यमनाप्पा, घरात पुढच्या सोप्यात दोन पॉवरलूम. पहाटेपासून दोन्ही माग खडखडत असायचे, त्यामुळं त्या घरात कुणी बोलत नसे, सगळे ओरडत. निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि मागाच्या आवाजात दोन्ही सारखीच ऐकू येत नसत. सुवर्णाचा गळा तिथंच तयार झाला होता. वर्गात ती माझ्या कानाशी लागून कुजबुजली तरी नागेंद्र सर फळ्याकडं तोंड करून म्हणायचे, "हां, सुवर्णा, मलाही तसंच वाटतं."

दुसरी तिची खोड म्हणजे मोजणं. विणकरांकडं कापडाचे धागे मोजायचं एक छोटं घडीचं भिंग असतं. ते कापडावर ठेवायचं आणि एका इंचात आडवे धागे किती ते मोजायचे. त्या आडव्या धाग्याला ही मंडळी पिक म्हणतात. सुवर्णाच्या कंपासपेटीत पेन्सिल नसे, पण हे भिंग असे. तेजस्वीच्या बहिणीच्या लग्नात सगळे नवरीचा चेहरा बघत होते आणि ही शालूच्या पदराला भिंग लावून बसली होती. पहिल्या वर्षी तिनं नागेंद्र सरांच्या नव्या शर्टाची बाही धरून सांगितलं होतं, "सर, हे बहात्तरचं कापड हाय. दुकानदारानं काय म्हणून दिलं?" सर दोन दिवस तो शर्ट घालून आले नाहीत.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला यमनाप्पांच्या दुसऱ्या मागावरचा कामगार मच्छे गावातल्या एका कारखान्यात लागला आणि तो माग बंद पडला. त्या आठवड्यात यमनाप्पांनी मुलीला समोर बसवून अट घातली. डिस्टिंक्शन आली तर एम.एस्सी.ला जायचं, ते काहीही करून पाठवतील. नाही आली तर दुसरा माग तिचा. "मी एकदा बोललो की बोललो," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले, त्यामुळं अट साऱ्या गल्लीला कळली, आणि दुसऱ्या दिवशी सुवर्णाच्या कुजबुजीतून कॉलेजलाही कळली.

आता डिस्टिंक्शन मिळवणं आमच्याकडं अवघड नव्हतं, कारण आमच्याकडं अमृतची वही होती.

अमृत हा आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. तो आता बोरगावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. कॉलेजला असताना त्याच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली सगळी उत्तरं बरोबर आली होती, म्हणून ते जर्नल पुढच्या बॅचनं मागून घेतलं, त्यांच्याकडून त्याच्या पुढच्यांनी. आमच्यापर्यंत त्याची पीडीएफ आली होती. एखाद्या प्रयोगाला काय रीडिंग यायला पाहिजे ते अमृतच्या वहीत बघायचं, शेवटचा आकडा जरा इकडंतिकडं करायचा, आणि मग उपकरणाला हात लावायचा. हात लावायचाच असं काही नाही. तेजस्वी तर म्हणायची, "मशीनला हात लावला की रीडिंग बिघडतंय रं."

सगळ्यांच्या आवडीचा प्रयोग म्हणजे ग्रेटिंग. एक सोडियमचा पिवळा दिवा, समोर दुर्बीण, आणि मधे एक चौकोनी काच. त्या काचेवर इंचाला पंधरा हजार बारीक रेघा असतात. दिव्याचा उजेड त्यातून गेला की समोर एक पिवळी रेष दिसते आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूला लांब आणखी एकेक दिसते. दुर्बीण फिरवून त्या रेषा किती अंशांवर आहेत ते मोजायचं आणि गणित करून त्या पिवळ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी काढायची. ती येते ५८९३. पुस्तकात तेच, अमृतच्या वहीत तेच, आणि आमच्या कॉलेजच्या प्रत्येक पोराच्या जर्नलमध्येही तेच.

सुवर्णाला या पंधरा हजारांचं भलतंच अप्रूप. मला म्हणाली, "समर्थ, इंचात पंधरा हजार! आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, कुठल्या मागावर विणलंय ते बघून ये." म्हणून पाळी आली तेव्हा ती दुर्बिणीला डोळा लावून बसली ती अर्धा तास उठली नाही. डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली. मग आमच्याकडं वळून विचारलं, "तुम्हाला बाजूच्या रेषा दिसल्यात काय?"

आम्ही चौघांनी एकदम माना हलवल्या. व्हय, दिसल्या की. लई भारी दिसल्या.

"मला एकच दिसते. मधली."

तेजस्वी म्हणाली, तुला नंबर आला असेल. दुसऱ्या दिवशी सुवर्णा खरोखर शहापूरला जाऊन डोळे तपासून आली. डोळे ठणठणीत होते. मग तिनं आमच्या एकेकाच्या डोळ्यांत बघून विचारलं, आणि तिच्या आवाजात कुणी प्रश्न विचारला की खोटं फार वेळ टिकत नाही. मी कबूल केलं की मला मधलीसुद्धा दिसली नव्हती. मी दुर्बिणीचं टोपण काढलं नव्हतं.

लॅबचा अटेंडर मष्णू. त्याला आम्ही मष्णूमामा म्हणायचो. येत्या मे महिन्यात तो रिटायर होणार होता. लॅब त्याची होती आणि सर तिथं पाहुणे, असा त्याचा एकूण रुबाब. सुवर्णानं त्याला विचारलं की ही काच कधी बदलली का.

"बदलीन कशाला?" मष्णूमामाला अपमानच वाटला. "दर खंडेनवमीला समद्या मशिनी मी हातानं धुतो, हळद-कुंकू लावतो, हार घालतो. लोखंड हाय, काच हाय, त्यातबी देव असतोय. ह्या काचेची गोष्ट सांगतो तुला. बारा वर्सांमागं पयल्यांदा हातात घेतली तवा असली घाण झालती! तेल सांडल्यावाणी, तांबडं हिरवं निळं, तिरकी धरली की रंगच रंग. कुणी साफ केली नव्हती तवापातूर. मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, रातभर भिजू दिली आन् सकाळी काथ्यानं घासली. तवा कुठं सुटलं समदं. आता बघ, एक डाग सापडला तर नाव बदलीन."

सुवर्णा त्या काचेकडं बघत राहिली. मी सुवर्णाकडं. पुस्तकात लिहिलं होतं की ग्रेटिंगच्या रेघा काचेवर नसतात, काचेवर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्यावर असतात, आणि त्याला बोटसुद्धा लावू नये. मष्णूमामानं तो पापुद्रा भिजवून, घासून, देवाचं नाव घेऊन काढून टाकला होता. तिरकी धरल्यावर दिसणारे रंग म्हणजेच तो प्रयोग. उरली होती खिडकीला लावतात तशी साधी काच, कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका, आणि चौकटीवर छापलेलं 'इंचाला १५,०००'. बारा बॅचेसनी त्या साध्या काचेतून ५८९३ काढलं होतं. एकालाही कमी मार्क पडले नव्हते.

मला हसू आवरेना. सुवर्णानं माझ्या पायावर पाय दिला आणि मष्णूमामाला म्हणाली, "लई छान ठेवलंय, मामा."

सर मात्र तिच्या तावडीतून सुटले नाहीत. नागेंद्र सर गदगचे. अकरा वर्षं गेस्ट लेक्चरर. दर जूनला त्यांची नेमणूक नव्यानं व्हायची, त्यामुळं मे महिन्यात ते फार गोड बोलायचे. फिजिक्स शिकवायचे, एन.एस.एस. बघायचे, तपासणीच्या फायली रंगवायचे. सुवर्णानं सगळं सांगितल्यावर त्यांनी स्टाफरूमचं दार लावलं. तिचा आवाज बघता दार लावून काही उपयोग नव्हता.

"नवीन ग्रेटिंग मागवायला अर्ज करतो मी," सर म्हणाले. "पण जुनीचं काय झालं म्हणून मॅनेजमेंट विचारणार. मष्णू मे महिन्यात रिटायर होतो. स्टॉकमधली वस्तू खराब केली म्हणून त्याचे कागद अडकवून ठेवतील, त्यांना कारणच पाहिजे असतं. आणि मग मला विचारतील, अकरा वर्षं जर्नलवर सह्या कुणी केल्या?"

"तुम्हाला दिसलं नव्हतं का सर, काही दिसत न्हाय ते?"

सरांनी दार नीट लागलंय का ते पुन्हा बघितलं. "मला वाटलं, माझे डोळे बिघडले," ते म्हणाले. मग हात जोडल्यासारखे करून कानडीत म्हणाले, "सुम्ने बरी, सुवर्णा. गुपचूप लिहून टाक ५८९३. तुला डिस्टिंक्शन पाहिजे ना? त्याला पाच मार्क आहेत."

मीही तिला तेच सांगितलं. तेजस्वीनं सांगितलं. इतकी सगळी माणसं एका मतानं बोलतायत म्हणजे ऐकावं की नाही! पण सुवर्णा म्हणाली, "आमच्या गल्लीत कापड घ्यायला व्यापारी येतो, तो एकेक ताग्याला भिंग लावतो. मी न बघितलेला आकडा कसा लिहू? हात वळत न्हाय." बसमध्ये ही गोष्ट ती मला सांगत होती तेव्हा कंडक्टरसुद्धा तिकीट फाडायचं थांबून ऐकत होता.

तोडगा तिचा तिनंच काढला. लहानपणी तारेवर वाळत घातलेल्या झिरझिरीत कापडातून रस्त्यावरचा दिवा पाहिला की त्या दिव्याची फुली दिसायची, चारी बाजूंना ठिपके ठिपके. तेव्हा ती मजा होती. आता तिला कळलं की कापड म्हणजेसुद्धा ग्रेटिंग आहे, फक्त रेघांच्या जागी धागे, आणि इंचाला पंधरा हजारांच्या जागी ऐंशी. यमनाप्पा जे पातळ पॉलिस्टरचं साडीचं कापड विणायचे त्याला साऱ्या गल्लीत 'ऐंशीचं' म्हणायचे. यमनाप्पांचं ऐंशीचं आलं का, असं व्यापारी दारातून विचारायचा. तिनं त्यातला एक तुकडा कापला, भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये ताणून बसवला, आडवा धागा उभा होईल असा फिरवला, आणि मष्णूमामाच्या स्वच्छ काचेच्या जागी उभा केला.

दुर्बिणीला मी डोळा लावला. टोपण काढून. मधोमध पिवळी रेष, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकापाठोपाठ एक, अगदी जवळजवळ, पिवळ्या रेषांची रांग. मी तीन वर्षं त्या लॅबमध्ये होतो आणि पहिल्यांदा काहीतरी दिसत होतं. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. मष्णूमामानंही बघितलं. "व्हय गं, दिसतंय की," तो म्हणाला, आणि रिंगला कुंकू लावायला निघाला. त्याला महत्प्रयासानं थांबवलं.

एवढं सगळं झाल्यावर उत्तर आलं ५७३१.

तिनं परत केलं. ५७४०. परत केलं. ५७२६. पाहिजे होतं ५८९३. फरक तीन टक्क्यांच्या आसपास, आणि परीक्षेत दोन टक्क्यांच्या आत उत्तर आलं तरच ते पाच मार्क, नाहीतर शून्य. सुवर्णानं दिवा तपासला, दुर्बीण तपासली, टेबल पाणसळीनं सपाट केलं, रिंग सैल केली, घट्ट केली. माझ्याकडून स्वतंत्र रीडिंग घेतलं, आणि माझ्यासारख्या माणसाचंही तेवढंच आलं. आठवडाभर ती जिन्याखाली बसून होती. शेवटी तिनं ठरवलं की चूक आपलीच कुठंतरी असणार.

"मग आता तरी ५८९३ लिही," मी म्हणालो. "प्रयोग खरा केलास, रेषा खऱ्या दिसल्या. उत्तर तेवढं नीट कर."

"मग तुझ्यात नि माझ्यात फरक काय ऱ्हायला?" ती म्हणाली. याचा मला राग यायला हवा होता, पण प्रश्न रास्त होता.

परीक्षेत चिठ्ठ्या टाकतात. कुणाला कुठला प्रयोग ते नशीब. आम्ही चौघं ग्रेटिंगसाठी देवाला विनवत होतो, कारण त्यात काही दिसावं लागत नाही. ग्रेटिंगची चिठ्ठी निघाली सुवर्णाला. नागेंद्र सरांनी कपाळाला हात लावला तो सगळ्यांना दिसला.

बाहेरून आलेले परीक्षक धारवाडकडचे होते. पन्नाशीचे, जेवणाच्या वेळेकडं डोळे लावून बसलेले. तेजस्वीच्या टेबलापाशी त्यांनी तिचं रीडिंग बघून मान डोलावली आणि पुढं गेले. तिच्या मीटरची पिन प्लगमध्ये नव्हती. माझ्याकडं आले, बरोबर उत्तर बघून तेही खूश, मीही खूश. मग सुवर्णाच्या टेबलावर ती भरतकामाची रिंग बघून थांबले.

"हे काय?"

"कापड, सर. आमच्या घरचं." जिन्यावरून जाणारी आर्ट्सची पोरं थबकली.

"आणि कॉलेजची ग्रेटिंग?"

मष्णूमामा दारात उभा होता. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. सुवर्णा म्हणाली, "ती हाय सर, बॉक्समध्ये. लई स्वच्छ हाय. पण मला माझ्या कापडावर करून बघायचं होतं."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. त्यांनी डावीकडच्या पाचव्या रेषेपासून उजवीकडच्या पाचव्या रेषेपर्यंतचं अंतर स्वतः मोजलं. एक अंश, दोन मिनिटं. सुवर्णानं लिहिलं होतं तेच. मग ते कानडीत म्हणाले की गेली आठ वर्षं परीक्षक म्हणून फिरतोय, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत दुर्बिणीत काहीतरी दिसलं ते आज. तोंडी परीक्षेत त्यांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. नंतर उत्तराच्या रकान्यापाशी आले, ५७२६ वाचलं, आणि सुस्कारा टाकून शून्य लिहिलं.

"नियम आहे," ते म्हणाले. "चूक कुठं झाली ते शोध."

मष्णूमामाला यातलं काही कळलं नाही. त्यानं परीक्षकांना ग्रेटिंगचा बॉक्स उघडून दाखवायची तयारीसुद्धा केली होती, एवढी वर्षं जपलेली वस्तू म्हणून. सरांनी त्याला चहा आणायला पाठवलं. मे महिन्यात तो हार घालून, नारळ घेऊन रिटायर झाला.

निकाल जूनमध्ये लागला. आम्ही चौघं पास झालो, तेजस्वीला डिस्टिंक्शन. सुवर्णाची तीन मार्कांनी गेली. जे पाच गेले होते त्यातले तीन. मोबाईलवर तो आकडा बघून मला माझ्या पास होण्याची लाज वाटली, आणि असल्या गोष्टींची लाज वाटायची मला सवय नव्हती. मी लोंढ्याच्या बाजूच्या खेड्यातला, घरची शेती, वडील शहरात नोकरीला; मला अटबीट काही नव्हती. मी बस धरून सरळ वडगावला गेलो.

सोप्यात दोन्ही माग चालू होते. एकावर यमनाप्पा. दुसऱ्यावर सुवर्णा, केस बांधून, ओठ मिटून. तिनं निकाल सांगितला होता आणि कुणी काही न सांगता जाऊन मागावर उभी राहिली होती. यमनाप्पांना त्याचा आनंद झालेला दिसत नव्हता. ते माझ्याजवळ आले आणि माझ्या कानात ओरडले, "कशात गेलं रं मार्क?"

मीही ओरडून सांगितलं. कापडाचं, रेषांचं, ५७२६चं. त्यांना रेषा कळल्या नाहीत, पण आपलं कापड परीक्षेला बसलं होतं हे कळलं, आणि ते नापास झालं हे सहन झालं नाही. "माझ्या कापडात चूक? धागा एकसारखा हाय त्यो!"

"एकसारखाच हाय, आप्पा," मी ओरडलो. मग मी एक प्रश्न विचारला. मी शेतकऱ्याच्या घरातला, मला त्या गल्लीत काय विचारायचं नसतं ते माहीत नव्हतं. "पण हे ऐंशी म्हणतात, ते मोजून ऐंशीच असतात काय?"

यमनाप्पा वळले आणि न तुटलेला धागा जोडायला लागले.

सुवर्णानं ते बघितलं. तिनं आपला माग थांबवला, कंपासपेटीतलं भिंग आणलं आणि वडिलांच्या मागावरच्या कापडावर ठेवून वाकली. ओठ हलत होते. एकदा मोजलं. वीतभर पुढं सरकवून परत मोजलं. तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. जगभराच्या कापडाला भिंग लावत फिरलेली पोरगी, घरच्या कापडाला तिनं कधी लावलं नव्हतं. लावायची गरज काय? ते ऐंशीचंच होतं.

"अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली.

यमनाप्पांनी तिच्याकडं बघितलं, मागाकडं बघितलं आणि छाती भरून ओरडले, "व्हय! ऐंशी म्हणून अठ्ठ्याहत्तरच घालतोय मी! पिकांचं चाक बदललंय! सहा वर्सं झाली—"

आणि वीज गेली.

वडगावात वीज गेली की गल्लीतले सगळे माग एकाच ठोक्याला थांबतात. त्या शांततेत यमनाप्पांचं "सहा वर्सं झाली" पार मारुतीच्या देवळापर्यंत गेलं. कुणी हसलं नाही. कुठं भांडं वाजलं नाही. मग समोरच्या घरातून म्हाताऱ्या अंबुबाईचा आवाज आला, "आमचं शहात्तर हाय बाबा. तुमचं लईच म्हणायचं."

गल्ली हसली. दारादारातून हसली. यमनाप्पा हसले नाहीत. ते मागाच्या फळीवर बसले आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "व्यापाऱ्यालाबी ठाव असतंय गं. समदे ऐंशी म्हणतात, समदे कमी घालतात. सूत वाचतंय. पण ते दोन पिक मी खाल्ले आणि मार्क तुझे गेले."

सुवर्णा रडत होती आणि चिडली होती, दोन्ही. "मष्णूमामाची काच बघितली मी. सरांच्या सह्या बघितल्या. ह्या समर्थची वही बघितली. तुमचं तेवढं बघितलं न्हाय." यमनाप्पांनी मान खाली घातली. मीही घातली, वहीचा विषय निघाल्यामुळं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, मोबाईल काढला आणि हिशेब नव्यानं केला. ऐंशीच्या जागी अठ्ठ्याहत्तर. आम्ही दोघं तिच्या बोटांकडं बघत होतो.

"किती आलं?" यमनाप्पांनी विचारलं.

"पाच हजार आठशे त्र्याहत्तर."

"आणि यायला पाहिजे किती?"

"पाच हजार आठशे त्र्याण्णव."

यमनाप्पांनी मान हलवली. दोन पिकांचं पाप मान्य होतं, त्यापलीकडचं नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "मग हे वीस कुणी खाल्ले?"

सुवर्णानं पुन्हा मोबाईलकडं बघितलं. "ते मला ठाव न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "शोधावं लागंल."

यमनाप्पा उठले. दुसऱ्या मागापाशी गेले, तिनं अर्धवट सोडलेलं कापड गुंडाळलं, माग जुन्या धोतरानं झाकला आणि म्हणाले, "मग जा. शोधून ये."